आवाज मागून येतो आहे

मोटारीच्या पुढच्या बाजूने काही वेगळा आवाज आला की आपण गाडी कडेला घेतो आणि बॉनेट उघडतो. आतले काही कळत नसले तरी उघडतो. दोन वायरी हलवून बघतो, पाणी बघतो, तेवढ्यात रस्त्याने जाणारा एखादा भला माणूस थांबतो आणि तोही त्याच दोन वायरी हलवतो. पण आवाज मागून येत असेल तर काय उघडायचे? डिकी उघडावी तर आत स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन आणि कुठल्याशा लग्नाहून परत आलेली, गुंडाळलेली सतरंजी. इंजिन पुढे, गिअर पुढे, स्टेअरिंग पुढे. मागे नुसते बसायचे. तिथे बिघडण्यासारखे आहे तरी काय, असे वाटते आणि बहुतेक लोक रेडिओचा आवाज थोडा वाढवून पुढे जातात. रेडिओवर बोलायला आलेल्या माणसाने याबद्दल तक्रार करू नये हे खरे. तरीही गाडीत असाल तेव्हा थोडा वेळ रेडिओ बंद ठेवा, एवढे मी सांगणार आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो, मराठीत लिहीत राहिलो. पाना आणि पकड यांच्याशी माझा संबंध सायकलपुरता. मग हा विषय माझ्याकडे कसा आला? आमच्या घरात एक जुनी छोटी गाडी आहे. ती माझी मुलगी चालवते. तिच्या मामूंना उपचारासाठी उदगीरहून लातूरला न्यावे लागत असे. साठ-पासष्ट किलोमीटर जायचे, तेवढेच परत यायचे. परत येताना मामू मागच्या सीटवर आडवे होत. पावसाळ्याच्या शेवटी एकदा परत आल्यावर मुलगी म्हणाली, "अब्बा, पिच्छे से आवाज आरा." पुढच्या फेरीनंतर पुन्हा तेच. तिने दोन ठिकाणी गाडी दाखवली. एकाने गल्लीतून चक्कर मारली आणि म्हणाला, "काही नाही ताई, जुनी गाडी आहे, वाजणारच." दुसऱ्याने चक्करही मारली नाही, मागचे दोन्ही शॉकअप बदला म्हणाला आणि एक मोठा आकडा सांगितला. मामू मात्र म्हणत होते, "मी आडवा असतो, माझ्या कानाखालीच वाजतं ते. बाकी कुणाला ऐकू येवो न येवो."

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकली. आवाज कसा आहे, हे दोघांपैकी कुणीही विचारले नव्हते.

मागचा आवाज फसवा असतो, यात शंका नाही. आवाज कुठून आला हे आपल्याला कळते ते दोन कानांमुळे. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो. मोकळ्या शेतात हे चांगले जमते. मोटारीत जमत नाही, कारण मोटार म्हणजे पत्र्याचा बंद डबा. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून जवळपास ५,००० मीटर. मागच्या उजव्या चाकाशी झालेली खडखड पत्र्यातून सगळीकडे पसरते, काचांवर आपटते, छतावर आपटते आणि कानाशी येईपर्यंत चारी बाजूंची होते. त्यात डिकीची पोकळी म्हणजे तबल्याचा डग्गा. आत चिमूटभर आवाज झाला तरी बाहेर भांडे पडल्यासारखा वाटतो. उलटही होते. खरा धोक्याचा आवाज बारीक असतो आणि तो या भांड्याच्या आवाजाखाली दडून राहतो.

म्हणून पहिले काम म्हणजे आवाजाला नाव देणे. इथे मला माझ्या धंद्यातले थोडे बोलू द्या. मराठीला आवाजाच्या शब्दांचे वरदान आहे. व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्या कोशात असे शब्द पानोपानी भेटतात. खुळखुळ वेगळे, खडखड वेगळे, खटखट वेगळे. करकर निराळी आणि कुरकुर निराळी. शाळेत आपण हे शब्द पाठ करून सोडून देतो. पण मोटारीच्या बाबतीत यातला प्रत्येक शब्द एखाद्या भागाकडे बोट दाखवतो. आमच्या उदगिरात गॅरेजमध्ये मराठी, दखनी आणि कन्नड या तिन्ही भाषा कानावर पडतात. आवाज सांगायची वेळ आली की तिन्ही भाषांची माणसे तोंड वाकडे करून नक्कलच करतात. ती नक्कल करायला लाजू नका.

खुळखुळ म्हणजे पोकळ जागेत सुटी पडलेली लहान वस्तू. नाणे, सुटा नट, पोरांची गोटी. खडखड म्हणजे सुटे पडलेले जड लोखंड: जॅक, चाकाचा पाना, ढिली झालेली स्टेपनी. स्टेपनीला एका मोठ्या बोल्टने जखडलेले असते. पंक्चर काढून आणताना तो बोल्ट अर्धवट आवळला जातो आणि पुढे सहा महिने गाडी वाजत राहते. जाता जाता सांगतो, 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे १९०४ साली मोटारीचे जादा चाक तयार झाले आणि त्या रस्त्याचे नाव आपल्या पंक्चरवाल्यांच्या तोंडी येऊन बसले.

टकटक असा हलका, कोरडा आवाज खड्ड्यात येत असेल तर आधी मागच्या सीटचा पट्टा बघा. त्याचे लोखंडी बक्कल दाराजवळच्या प्लॅस्टिकवर आपटत असते. मागच्या काचेखालची फळी, नंबरप्लेट, मागच्या दाराचे कुलूप हीसुद्धा याच घराण्यातली मंडळी. मागचे दार घट्ट बसावे म्हणून कडेला रबराच्या गुट्ट्या असतात. त्या झिजल्या की दार प्रत्येक धक्क्याला दात वाजवते. फडफड असेल तर चाकाच्या वरचे प्लॅस्टिक किंवा बंपरची कड सुटली आहे असे समजा. ती वेगाबरोबर वाढते, कारण ती वाऱ्याची असते. टाकी अर्धी भरलेली असताना ब्रेक मारल्यावर मागच्या सीटखाली डचमळ ऐकू आली तर घाबरू नका. बहुतेक छोट्या गाड्यांत टाकी तिथेच असते, आणि अर्धा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला तो आवाज कुणी समजावून सांगायला नको. चावी फिरवल्यावर मागून क्षणभर बारीक गुणगुण येते, ती टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाची. तीही निरोगी.

करकर आणि कुरकुर हे रबराचे आणि पाट्यांचे आवाज. जुन्या ॲम्बेसिडरला मागे पाटे होते. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या एकमेकींवर घासत आणि चिखल शिरला की रडत. ती गाडी २०१४ साली बनायची थांबली, पण पाटे आजही मालवाहू गाड्यांना आणि काही जीपवजा गाड्यांना आहेत. छोट्या गाड्यांना मागे गुंडाळीची स्प्रिंग असते. तिथे कुरकुरतात ते बुश, म्हणजे दोन लोखंडांच्या मध्ये बसवलेले रबर. ते वाळले, फाटले की लोखंड लोखंडाला भेटते. मग स्पीडब्रेकरवरून हळू उतरतानाही 'खट्ट' असा एकच आवाज येतो.

शॉकअपबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण मागून आवाज आला की पहिला आरोप त्याच्यावर येतो. गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही. ते स्प्रिंग पेलते. स्प्रिंग दबली की उसळणार, पुन्हा दबणार, पुन्हा उसळणार. हे उसळणे आवरण्याचे काम शॉकअपचे. त्याच्या नळीत तेल असते आणि ते बारीक भोकांतून ढकलले जाते, म्हणून हालचाल मंदावते. तेल गळून गेले की गाडी खड्ड्यानंतर झोपाळ्यासारखी हलत राहते आणि मोठ्या धक्क्याला 'धप्प' असा आवाज येतो. परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, मागचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन जागी बसली तर ठीक. नंतरही दोन-तीनदा हलली तर शॉकअप थकला आहे. नळीवर ओल आणि ओलीवर धूळ चिकटलेली दिसली तर पुरावाच मिळाला. आमच्या गाडीची ही परीक्षा मुलीने अंगणात केली. दोन्ही कोपरे चांगले निघाले. मोठ्या आकड्याचा खर्च तिथेच वाचला.

मग तिने डिकी रिकामी केली. अगदी झाडून रिकामी. जॅक सतरंजीत गुंडाळला, स्टेपनीचा बोल्ट आवळला आणि पुढच्या फेरीला गाडी नेली. खडखड गेली. संध्याकाळी आल्यावर चेहरा मात्र उतरलेलाच होता. ती म्हणाली, "अब्बा, त्याच्या खाली दुसरा होता." खडखड होती तोवर तो नीट ऐकू येत नव्हता. आता लातूरच्या रस्त्यावर चाळीसच्या पुढे गेले की एक सलग 'घुंई' येत होती. दूर कुठेतरी विमान चालले आहे, अशी. मामू ज्या आवाजाबद्दल बोलत होते तो हाच.

मागच्या भागातल्या आवाजांत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा 'घुंई' किंवा 'घरघर'. तो खड्ड्याची वाट बघत नाही. सपाट रस्त्यावरही येतो, वेग वाढला की चढतो, वेग कमी झाला की उतरतो. त्याच्यामागे तीन संशयित असतात: टायर, ब्रेक आणि चाकाचे बेअरिंग. इंजिन आणि सायलेन्सर यात आहेत की नाहीत, ते आधी ठरवून टाकायचे. गाडी मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. उभ्या गाडीतही आवाज आला तर तो चाकाचा नाही. सायलेन्सर लांबलचक असतो आणि रबरांवर टांगलेला असतो. एखादे रबर तुटले की तो खालून ठोसे देतो. भोक पडले की भडभड करतो. या भडभडीला हसून सोडू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि मागून तो गाडीत शिरू शकतो. सायलेन्सर फाटलेला असताना मागचे दार अर्धे उघडे ठेवून सामान नेणे तर फार वाईट.

उभी गाडी गप्प असेल तर चालत्या गाडीत बघायचे. सपाट, सरळ, रिकामा रस्ता हवा आणि शेजारी ऐकायला दुसरा माणूस हवा. एका वेगाने जाताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. आवाज वेगाच्या मागे गेला, इंजिनाच्या मागे गेला नाही, तर तो चाकाकडचा. काही लोक हे करताना इंजिनच बंद करतात. तसे कधीही करू नये. चावी फिरली तर स्टेअरिंग अडकू शकते आणि ब्रेकला मिळणारी मदत जाते.

टायर ओळखायचा तर रस्ता बदलून बघावा. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा. बेअरिंगला रस्त्याशी देणेघेणे नसते. टायरवरून तळहात फिरवला तर उंचवटे लागतात, एखाद्या बाजूला रबर फुगलेले सापडते. असा फुगलेला टायर ताबडतोब काढावा. तो फुटायच्या बेतात असतो. टिक-टिक-टिक असा सुटा आवाज असेल तर मात्रा मोजा. लहान गाडीच्या चाकाचा घेर १.७ मीटरच्या आसपास असतो. ताशी २० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदात तीन-साडेतीन वेळा फिरते. टिकटिक त्याच लयीत असेल तर चाकात काहीतरी एकाच जागी आहे. बहुधा खाचेत बसलेला खडा असतो, नाहीतर खिळा. खिळा असेल तर रस्त्यातच उपटू नका, पंक्चरवाल्याकडे पोचून उपटा.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट होते, ती पुस्तकात सापडणार नाही. काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी नेली की तो चाकाच्या आतल्या वाटीत भरतो आणि दोन दिवसांच्या उन्हात विटेसारखा घट्ट होतो. एका बाजूला वजन वाढलेले चाक मोठ्या रस्त्यावर थरथरायला लागते. सीट थरथरते, मागून घुमल्यासारखे होते आणि माणूस हजारो रुपयांच्या विचारात पडतो. बादलीभर पाणी आणि एक काठी, एवढाच त्याचा इलाज आहे. आमच्याही चाकांत तो होता. मुलीने तो काढला. घुंई मात्र तशीच राहिली.

ब्रेकची परीक्षा ब्रेकनेच होते. हलका ब्रेक दाबल्यावर आवाज बदलला, थांबला किंवा नव्याने सुरू झाला, तर तिकडे बघावे. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम असतात. आतल्या लायनरचे अस्तर संपले की लोखंड ड्रमवर घासते आणि 'खर्र' असा अंगावर काटा आणणारा आवाज येतो. तो ऐकल्यावर पुढच्या गावापर्यंत जाऊ, असे म्हणू नये. हँडब्रेकची तार अडकून राहिली तर चाक सतत घासत राहते. जळका वास येतो आणि त्या चाकाजवळ हात नेला तरी झळ लागते. हात लावू मात्र नका, भाजतो. उलट पावसात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी 'खट्ट' करून सुटते आणि चार पावले खरखरते, तो ड्रममधला गंज. दोन ब्रेक मारले की जातो.

आता बेअरिंग. चाक ज्या दांड्यावर फिरते तिथे दोन पोलादी कड्यांच्या मध्ये गोळ्या असतात आणि गोळ्यांभोवती ग्रीस. बैलगाडीच्या आसाला आपले आजोबा वंगण घालत, त्यातलाच हा प्रकार, फक्त बंद पेटीतला. या पेटीच्या तोंडाशी रबराचे सील असते. सील फाटले, किंवा ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली आणि पाणी आत गेले, की ग्रीस बिघडते, गोळ्या कोरड्या पडतात आणि आरशासारख्या गुळगुळीत कड्यांवर बारीक खळगे पडतात. त्या खळग्यांवरून गोळ्या धावायला लागल्या की होतो तो घुंई. सुरुवातीला नुसता आवाज असतो, गाडी छान चालते, म्हणून लोक महिनोन्महिने चालवतात. पण खळगे वाढतात, चाकाला खेळ येतो, उष्णता वाढते. शेवटी बेअरिंग जाम होऊ शकते किंवा चाक डगमगून गाडी हातातून जाऊ शकते. भर रस्त्यात, मागे आजारी माणूस झोपलेला असताना.

याची ओळख वळणावर पटते. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचे वजन उजव्या चाकांवर कलते. त्या वेळी आवाज वाढला तर संशय उजव्या बाजूवर. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूवर. मुलीने दोन फेऱ्यांत हेच टिपून ठेवले. तिने शाळेच्या वहीचा कागद फाडून त्यावर लिहिले: चाळीसच्या पुढे येतो, ॲक्सिलरेटर सोडला तरी राहतो, ब्रेकने बदलत नाही, सिमेंटच्या रस्त्यावर तसाच, डावीकडे वळताना वाढतो, उजवीकडे वळताना दबतो, मागे बसलेल्याला जास्त. खाली मी एक शब्द जोडला, 'घुंई', आणि कंसात लिहिले, भुंग्यासारखी नाही, जात्यासारखी. कारण भुंग्याचा आवाज गुळगुळीत असतो आणि जात्याच्या आवाजात दगडाची खर असते. ही खर महत्त्वाची.

तो कागद घेऊन आम्ही देगलूर रस्त्याला एका जुन्या उस्तादांकडे गेलो. उस्ताद सत्तरीकडे झुकलेले. ठोकपीट आणि हॉर्न यांत आयुष्य गेल्यामुळे त्यांना आता कमी ऐकू येते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की आधी बारीक, तीव्र आवाज ऐकू येईनासे होतात. साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास ही झीज सुरू होते असे कानाचे डॉक्टर सांगतात. लोहार, तांबट, गिरणी कामगार, सगळ्यांच्या वाट्याला हे येते. गॅरेजमधल्या पोरांच्या कानांचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही, याचे मला वाईट वाटते. उस्तादांनी कागद दोनदा वाचून घेतला. मुलीकडे बघून म्हणाले, "बेटा, तुम्हारे लिखे में आधा काम हो गया."

त्यांनी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, हँडब्रेक सोडला, मागची उजवी बाजू जॅकवर उचलली आणि जॅकशेजारी लोखंडी घोडी लावली. घोडी नसेल तर गाडीखाली कुणीही डोके घालू नये. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून माणसे गेलेली आहेत. मग त्यांनी चाक वरून आणि खालून धरून हलवले. किंचित खेळ होता. चाक हाताने फिरवले. मी कान पुढे केला. उस्तादांनी कान पुढे केलाच नाही. त्यांनी एका हाताने चाक फिरवत ठेवले आणि दुसऱ्या हाताचा तळवा आतल्या स्प्रिंगवर ठेवून डोळे मिटले. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. चाकात बोटे जाणार नाहीत अशा बेताने. स्प्रिंगमधून बारीक, वाळूसारखी कुरतड हाताला लागत होती. डाव्या बाजूला तोच प्रयोग केला तेव्हा तिथे काहीच नव्हते, नुसते गार पोलाद. रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. गॅरेजवाले त्यासाठी लांब पेचकस वापरतात, मूठ कानामागच्या हाडाला टेकवून. अर्थात तो फिरणाऱ्या भागाला लावायचा नसतो. उस्तादांनी पेचकसही बाजूला ठेवला आणि तळहातावर भागवले.

ड्रम काढल्यावर आत ग्रीसचा रंग चहासारखा झालेला निघाला. सीलला एका जागी चीर होती. बेअरिंग बदलताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे, असे उस्तादांनी सांगितले. नवे बेअरिंग हातोडीने ठोकून बसवू देऊ नये, प्रेसवर दाबून बसवावे. ठोकलेल्या बेअरिंगच्या कड्यांवर पहिल्याच दिवशी खुणा पडतात आणि तोच आवाज परत येतो. आणि सील नेहमी नवेच टाकावे, ते जुने चांगले दिसते म्हणून वाचवू नये. एकूण खर्च शॉकअपच्या त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. त्यांच्यात इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे मागच्या भागाचे सगळे बारीक आवाज उघडे पडतात. नव्या गाडीवाले कधी कधी घाबरून विचारतात की हे काय वाजते. पुष्कळदा तो निव्वळ टायरचा आणि रस्त्याचा आवाज असतो. आधीही होता, इंजिनाखाली झाकलेला होता. तरी परीक्षा त्याच. उभे राहून ऐका, वेग बदलून ऐका, वळणावर ऐका, ब्रेक दाबून ऐका, डिकी रिकामी करून ऐका. आणि ऐकायला मागच्या सीटवर बसलेल्याला सांगा. तो चालवत नसतो, त्यामुळे त्याचे कान रिकामे असतात. घरातले म्हातारे किंवा आजारी माणूस 'मागे काहीतरी वाजतंय' म्हणाले, तर 'तुम्हाला भास होतोय' असे उत्तर देण्याआधी एकदा स्वतः मागे बसून यावे.

आमची गाडी दुरुस्त झाल्यावर उस्तादांनी मुलीला सांगितले की पन्नास-साठ किलोमीटर झाल्यावर चाकाचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घे. काढून बसवलेल्या चाकाचे बोल्ट कधी कधी थोडे सैल होतात आणि तोही एक मागचा आवाजच असतो. पुढच्या फेरीला तिने लातूरला पोचल्यावर पाना काढून चारही चाके तपासली. मागच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट पाव फेरी आणखी फिरला. मामू तोवर उठून बसले होते, खिडकीतून बघत.